पायाळू फिजिओ

"बाय, करंट वाढीव की जरा. मुंग्या बी येईनात मला."

रंगूबाई टेबलावर पालथी पडून बोलत होती. कमरेवर चार पॅड, पॅडांवर पट्टा, पट्ट्यातून निघालेल्या वायरी मशीनला. दीपमालाने बटणाला हात लावला, फिरवलं काहीच नाही, आणि म्हणाली, "वाढवला बघा."

"हां! आता कसं! आता उतरतंय बघ पार पोटरीपातूर."

काही उतरत नव्हतं. करंट होता तेवढाच होता.

"व्यायाम केलासा का मावशी? तीन दाखवलं हुतं."

"केला की."

"कुठला?"

"शेण काढलं, वैरण आणली, पाणी वढलं. आणि कुठला करू? उताणं पडून पाय वर करत बसले तर सून म्हणंल, म्हातारीला झटकं याय लागलं."

आष्ट्यात डॉक्टर वीरधवल यांच्या हाडांच्या दवाखान्यात जिन्याखाली ही खोली होती. बाहेर पाटी 'फिजिओथेरपी विभाग'. विभाग म्हणजे दोन टेबलं, करंटचं एक मशीन, मान आणि कंबर ओढायचं ट्रॅक्शनचं एक मशीन, आणि दीपमाला. साडेचार वर्षं कराडला घासून तिने डिग्री घेतली होती, आणि गेली आठ वर्षं या जिन्याखाली लोक तिला करंटवाली म्हणत होते. जास्त शहाणे होते ते मालिशवाली म्हणत.

या मुलखात कुणाची नुसती पाठ दुखत नाही. इथं मणक्यात गॅप पडते. मोटरसायकलवर दोन पोती आणि बायको घेऊन खड्ड्यातून गेलं की गॅप. दिवसभर पारावर वाकून मोबाइल बघितला की गॅप. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडं धरतो, गॅप आहे म्हणतो, पट्टा लिहून देतो, आणि माणूस ती गॅप नवी गाडी घेतल्यासारखी गावभर दाखवत हिंडतो. त्याला सांगा, बाबा, मान वर कर, रोज अर्धा तास चाल, हे दोन व्यायाम कर, सहा आठवड्यांत बरा होशील. तो सातव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरच्या बाकावर सापडतो. स्वतःच्या अंगाने स्वतः करायचं असलं काही त्याला औषध वाटतच नाही. त्याला वायर लागते, लाल दिवा लागतो, टूं टूं वाजणारं काहीतरी लागतं. आपण पालथं पडायचं आणि बरं दुसऱ्याने करायचं, ही इथली आरोग्याची व्याख्या. आणि वर पुन्हा करंटवालीच्या हाताला गुण नाही म्हणायला मोकळे.

दार ढकलून लालासाहेब आत आले. मागून त्यांचा मुलगा ऋषिराज, कानाला फोन लावलेला.

लालासाहेब म्हणजे निवृत्त सुभेदार आणि साखर कारखान्याचे संचालक. पांढरी विजार, पांढरा शर्ट, मिशीला पीळ. फौज सुटून वीस वर्षं झाली तरी बोलताना समोरचा माणूस सावधानमध्ये उभा आहे असंच धरून बोलणारे. रंगूबाईने पालथ्या पालथ्याच पदर डोक्यावर ओढला.

"डॉक्टरानं वजन लावाय सांगितलंय मानंला. पंधरा दिस. लाव बिगीबिगी, मीटिंग हाय माझी." त्यांनी चिठ्ठी टेबलावर टाकली.

दीपमालाचं लक्ष चिठ्ठीकडं नव्हतं. दारापासून टेबलापर्यंत सहा पावलं होती. त्या सहा पावलांत लालासाहेबांचे पाय फाकून, ताठ, फळीवरून चालल्यासारखे पडले होते. उजव्या पायातली चप्पल चौथ्या पावलाला मागे राहिली होती, आणि ते त्यांना कळलं नव्हतं.

"आबा, चप्पल राहिली तुमची."

त्यांनी खाली बघितलं. मग चप्पल पायात घालायला कुणी तरी हवं असल्यासारखं मुलाकडं बघितलं. मुलगा फोनवर होता.

"आधी तपासते," ती म्हणाली.

"वर तपासलंय डॉक्टरानं. गॅप हाय."

"मी बी बघते. शर्टाचं वरचं बटण काढून परत लावा."

"बटन? मान दुखती का बटन दुखतंय?"

"लावा की."

बटण निघालं, लागेना. जाडजूड बोटं काजाभोवती आंधळ्यासारखी फिरली. लालासाहेब हसले. "ह्या नव्या शर्टाची काजंच बारकी."

"मूठ उघडा, मिटा. जोरात. मी थांबा म्हणेपर्यंत."

तिने घड्याळ लावलं. दहा सेकंदांत चांगल्या माणसाची मूठ वीस वेळा तरी उघडमीट होते. लालासाहेबांची नऊ वेळा झाली, आणि करंगळी प्रत्येक वेळी मागे राहिली. तिने त्यांच्या मधल्या बोटाचं नख टिचकीने खाली उडवलं. अंगठा आपोआप आत दचकला. त्यांना टेबलाच्या कडेला बसवून गुडघ्यावर रबरी हातोडी हलकेच मारली, तर पाय असा उडाला की ऋषिराजची मांडी थोडक्यात वाचली.

"बघ बघ!" लालासाहेब खूश. "अजून ताकद हाय का न्हाई पायात?"

ताकद नव्हती ती. चांगल्या पायाचा गुडघा असा उडत नाही.

"आबा, सव्वीस जानेवारीला शाळंत झेंडा तुमी फडकवला न्हवं?"

"त्याचं काय?"

"दोरीची गाठ सुटना झालती म्हणं."

गावात त्या गोष्टीवर सगळे बोलले होते, फक्त त्यांच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. गाठ सुटेना, मग पोरांच्या देखत हेडमास्तरांनी ती सोडवली. सुभेदार सकाळीच लावून आला होता, असं अर्ध्या गावाचं मत पडलं. उरलेल्या अर्ध्या गावाचं मत, कुठली लावली होती याच्यावर.

"दोरी बेकार हुती," लालासाहेब म्हणाले. "तू फिजिओ हायस का सीआयडी?"

"आबा, ऐका. सरळ सांगते. हाताची नस दाबली की हात दुखतो. तुमची नस न्हाई दाबली. मेंदूतनं सगळ्या अंगाला जाणारी जी मेन दोरी असती, ती मानंत दाबली जातीया. ती दुखत न्हाई, म्हणून तर कळत न्हाई. हेडक्वार्टर हुकूम देतंय आणि खालच्या चौकीला ऐकू जाईना, असं झालंय. मान वढायची न्हाई, चोळायची न्हाई, मोडायची तर अजिबात न्हाई. आज मिरजंला जावा, एमआरआय काढा, मणक्याच्या सर्जनला दाखवा. उशीर केलासा तर हातापायानं जाशीला."

असं बोलण्याची ही वेळ, असं तिला वाटलं. आठ वर्षांत पहिल्यांदा जिन्याखालच्या खोलीत काहीतरी खरोखरीचं आलं होतं, आणि ते तिने सहा पावलांत ओळखलं होतं.

लालासाहेबांनी मुलाकडं बघून डोळा मारला. "ऐकलंस का? शेकवाल्या बाईनं माझं ऑप्रेशन काढलं. वर जा, डॉक्टराला बलीव."

डॉक्टर वीरधवल आले. ते सहसा खाली येत नसत. पण कारखान्याच्या कामगारांच्या तपासणीचं काम त्यांना हवं होतं, आणि ते संचालकांच्या हातात होतं. म्हणून चष्मा पुसत, हसत, दोन-दोन पायऱ्या उतरत आले.

"काय मॅडम, काय अडचण?"

"सर, चाल बघा एकदा. मुठी बघा, गुडघ्याचे झटके बघा. स्पायनल कॉर्डवर दाब आहे. यांना ट्रॅक्शन देणं धोक्याचं आहे."

"एक्स-रे मी बघितलाय. स्पॉन्डिलायसिस आहे. साठीनंतर तो तुम्हालाही होईल."

"एक्स-रेत कॉर्ड दिसत नाही, सर."

डॉक्टरांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. "मॅडम, हातोडी खाली ठेवा. तुमचं काम मशीन लावायचं. निदान वरच्या मजल्यावर होतं."

"मग मशीन पण वरच्याच मजल्यावर न्या. मी लावणार नाही."

रंगूबाईच्या करंटचा वेळ संपून मशीन केव्हाचं टूं टूं करत होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही. खरं तर दीपमालाची नोकरी तिथंच जायची. पण लालासाहेब एकदम मोठ्याने म्हणाले, "थांबा थांबा! आरं, ही जोतिबाची नात न्हवं? ती पायाळू पोरगी?"

आणि जे आठ वर्षं तिने जिन्याखाली पुरून ठेवलं होतं, ते सुभेदाराने एका वाक्यात उकरून काढलं.

दीपमाला पायाकडून जन्मली होती. अशा माणसाचा डावा पाय पाठीला लागला की उसण जाते, हे या मुलखात शाळेतल्या मास्तरालाही पटलेलं असतं. तिचा आजा जोतिबा नातीच्या त्या पायावर जीव टाकायचा. ढग गडगडले की तिला घराबाहेर पडू देत नसे, कारण वीज पायाळूवर पडते. आणि उजाडलं की अंगणात उसण भरलेले गडी पालथे पाडून तिला त्यांच्यावरून फिरवत असे. सहा वर्षांची पोर, झोपेने डोळे चिकटलेले, आणि पुढ्यात वेदनेने कण्हणारी पुरुषांची पाठच पाठ. ज्यांच्या पाया तिने पडायचं, तेच तिची लाथ खायला रांगेत. उसण तशीही तीन दिवसांत जाते. पण श्रेय पायाला. पुढे तिने डोकं चालवून, रात्रंदिवस वाचून त्याच पाठीचं शास्त्र शिकून घेतलं, तर त्या डोक्याचं कौतुक कुणाला?

"मी सुट्टीवर आलतो तवा," लालासाहेब सांगू लागले, "कंबर अशी धरलेली की परसाकडं बसाय ईना. हिची एक लाथ बसली आन तिसऱ्या दिशी मी रेल्वेत! ए पोरी, त्ये मशीन ऱ्हाऊ दे. मानंवर एक लाथ मार, विषय संपला."

"मार की बाय," रंगूबाई टेबलावरून म्हणाली. "माझ्या बी कमरंला मार. आठ वर्सं झाली इथं येतीया, कुणी सांगितलं बी न्हाई मला."

डॉक्टर वीरधवल हसले. एमएस झालेला माणूस. "हरकत काय मॅडम? मनाला बरं वाटतं."

"आबा," दीपमाला म्हणाली, "तुमच्या मानंवर कुणाची लाथ बसली तर तुमी त्या जाग्यावरनं उठणार न्हाईसा."

तिने केस पेपरावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'ट्रॅक्शन देऊ नये. मान हाताळू नये. तातडीने एमआरआय.' खाली सही केली. डॉक्टरांनी तो कागद दोन बोटांनी उचलला, घडी घालून खिशात ठेवला आणि दुसरा कोरा कागद घ्यायला सांगितला.

घरी दादासोला सगळं आधीच कळलं होतं. दीपमालाचा नवरा कारखान्याच्या वजनकाट्यावर होता, नऊ वर्षं हंगामी. कायम करायच्या नावांची यादी संचालकांपुढं होती आणि यादीत त्याचं नाव होतं. लालासाहेबांनी दुपारी काट्यावर गाडी थांबवून, काच खाली करून सांगितलं होतं, तुझ्या बायकूला जरा समजाव.

"आगं, पाय लावायचा निसता," दादासो ताटावर बसून म्हणाला. "काय झिजतंय का तुजं?"

"माझं न्हाई. त्यांची दोरी तुटंल."

"मग हळू मार."

"आवं, हळू न्हाई आन जोरात न्हाई. त्या मानंला धक्का म्हणजे धक्का. आन पाय लावून बरं वाटलं असं त्यांच्या मनानं घेतलं तर मिरजंला जातील का? चार महिन्यांनी अंथरुणात हगाय लागतील. तवा म्हणतील, पायाळूनं लाथ मारली न गडी लुळा झाला."

"तुला लय कळतंय," दादासो म्हणाला. "डॉक्टरापरीस."

दादासो वाईट माणूस नव्हता. वाईट व्हायलाही थोडी हिंमत लागते. नऊ वर्षं प्रत्येक गाडीवानाला आवाज चढवणारा हा माणूस गाडीची काच खाली आली की कमरेतून आपोआप वाकायचा. त्याला कुठल्या करंटची गरज लागत नव्हती.

"कायम न्हाई झालो तर?" त्याने विचारलं.

दीपमालाने त्याच्या ताटात भाकरी वाढली. पोरीची शाळा होती, घराचं वरचं काम निम्मं राहिलं होतं, आणि सुभेदाराची मान होती. तिन्ही गोष्टी एका पायाखाली आल्या होत्या.

रविवारी सकाळी गाडी दारातच आली. लालासाहेब उतरले. या वेळी ऋषिराजने त्यांना काखेत धरलं होतं. चार दिवसांत पायऱ्या अवघड झाल्या होत्या. मधल्या काळात ते गप्प बसले नव्हते. तालमीतल्या वस्तादाने तेल लावून मान चोळली होती, आणि सलूनवाल्याने दाढीनंतर डाव्या-उजव्या बाजूला कडकडा मोडून दिली होती. मोडली तेव्हा पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखं झालं, असं ते स्वतःच कौतुकाने सांगत होते.

गल्ली जमली. गल्लीला रविवारी दुसरं काम नसतं. निम्म्या लोकांनी मोबाइल वर धरले. कुणीतरी अंगणात सतरंजी टाकली. लालासाहेबांनी खाली बसायला गुडघा वाकवला, तो वाकला आणि थांबलाच नाही. ते पोत्यासारखे आडवे झाले. लोकांना वाटलं, आबा भक्तीने पडले.

"मार," ते सतरंजीत तोंड घालून म्हणाले. "डाव्या पायानं."

"मार की वयनी!"

"लय भाव खाती गड्या ही!"

"शिकलेली बाई हाय, बूट घालून मारंल!"

दादासो दारात उभा होता, हात जोडल्यासारखे पोटावर धरून. दीपमालाने एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा त्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीकडं. तिचं शास्त्र, तिची हातोडी, घड्याळ लावून मोजलेल्या नऊ मुठी, ठळक अक्षरांतला कागद, सगळं सांगून झालं होतं. खरं बोलून झालं होतं. या लोकांना खरं चालत नाही, हे तिला रंगूबाईच्या करंटवरूनच कळायला हवं होतं.

ती पुढं झाली. डावा पाय उचलला, आणि परत जमिनीवर ठेवला.

"न्हाई लागू व्हायचा," ती मोठ्याने म्हणाली.

"का?"

"आज्ज्यानं मला सांगून ठेवलंय. पाठीची उसण हाताला लागती, तिथं पाय चालतो. मानंची उसण आत असती. ती डोळ्यांनी दिसल्याबिगर पाय लावायचा न्हाई, न्हाईतर उलटती. लावणारणीवर बी आन खाणाऱ्यावर बी."

गल्लीत कुजबुज झाली. म्हाताऱ्या माना डोलावू लागल्या. व्हय, उलटती, आमच्या माहेरात एकाची उलटली हुती, असंही कुणीतरी म्हणालं.

"मग बघ की डोळ्यांनी," लालासाहेब सतरंजीतून म्हणाले.

"आतलं कसं बघू? आत बघायचं मशीन मिरजंला हाय. त्याचा फोटो आणा. उसण कुठं बसलीया ते मी बघते, मग लावते पाय. तवर मानंला कुणाचा हात लागला तर आज्ज्याची शपथ, मी पाय लावणार न्हाई."

जोतिबा असलं काही कधी बोलला नव्हता. त्याला मिरजेचं मशीन माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण साडेचार वर्षांचं शिक्षण जे करू शकलं नाही, ते मेलेल्या म्हाताऱ्याच्या नावावरच्या एका थापेने करून टाकलं. लालासाहेब उठून बसले, म्हणजे दोघांनी बसवले, आणि म्हणाले, "आसं हाय व्हय! मग आदी सांगायचं न्हाई?"

दीपमाला घरात गेली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. तिला स्वतःची किळस आली होती. थाप पचली याचं तिला दुःख नव्हतं. ती इतकी सहज जमली, याचं होतं.

मंगळवारी फोटो निघाला. बुधवारी मिरजेच्या सर्जनने तो बघून लालासाहेबांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. मानेत तीन ठिकाणी दोरी चेपली होती, एका ठिकाणी चपटी झाली होती. सर्जन सरळ बोलणारा निघाला. गेलंय ते परत येईल असं मी सांगत नाही, तो म्हणाला, पण राहिलंय ते राखता येईल. आणि दिवस घालवू नका.

डॉक्टर वीरधवल यांनी तोवर एक पत्र धाडलं होतं, सोनेरी अक्षरांच्या लेटरहेडवर. 'सदर रुग्णाच्या तपासणीत मला कॉर्डवरील दाबाचा संशय आल्याने तातडीने एमआरआयचा सल्ला दिला.' पत्र फाइलला लावलं होतं. दीपमालाने ते उभ्या उभ्या वाचलं आणि फाइल मिटली. हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

तिला मिरजेला आणलं होतं ते ऋषिराजच्या गाडीने, कारण लालासाहेब ऑपरेशनच्या कागदावर सही करत नव्हते. मागच्या सीटवर दादासो, इस्त्रीचा शर्ट घालून.

खाटेवर लालासाहेब बसले होते. गळ्याला कडक पट्टा, मिशी अजून पिळलेली.

"आलीस? त्यो बघ फोटो. दिसली न्हवं उसण? आता शब्दाला जाग."

"आबा, सही करा. उद्या सकाळची वेळ दिलीया."

"मान कापून घिऊ? त्यो डॉक्टर पोरगा म्हणतोय, बरं व्हईल असं सांगत न्हाई. मग कापतोस कशाला, मी म्हणलं. फौजेत असला जवाब दिला असता तर कोर्टमार्शल झालं असतं. तू पाय लाव. गुण आला तर घरला जातो."

"आन न्हाई आला तर?"

"तुझा न्हाई आला असं कवा झालंय?"

ऋषिराजने पहिल्यांदा फोन खिशात ठेवला होता. तो दीपमालाकडं बघत होता, आणि त्या बघण्यात माज नव्हता. "ताई, लाव. न्हाईतर ते ऐकायचं न्हाईत."

तिने विचार केला. मानेला ती मेली तरी पाय लावणार नव्हती.

"तळव्याला लावते," ती म्हणाली. "वरची उसण खालनं वढायची असती."

दुसरी थाप पहिलीपेक्षाही सोपी गेली.

त्यांना खुर्चीत बसवलं. समोर दुसरी खुर्ची ठेवून दीपमाला बसली. ऋषिराजने वडिलांचा उजवा पाय उचलून मधल्या स्टुलावर ठेवला, टाच टेकवून, तळवा तिच्याकडं करून. भेगाळलेला, रुंद, फौजेने आणि रानाने बनवलेला तळवा. लालासाहेबांनी डोळे मिटले. देवापुढं बसल्यासारखे दोन्ही हात मांडीवर ठेवले, बोटं अर्धी मिटलेली. दादासोने मोबाइल काढला.

दीपमालाने चप्पल काढली, डावा पाय उचलला आणि तळव्याला तळवा लावला.

त्यांचा पाय गार होता. तिने दाब दिला. आणखी दिला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत पुरा पाय भिडवून ती बसून राहिली. लहानपणापासून तिचा पाय माणसांना लागत आला होता, पण खालचा माणूस दरवेळी काहीतरी बोलायचा. कण्हायचा, आई गं म्हणायचा, निदान हुंकार तरी.

लालासाहेब डोळे मिटून वाट बघत होते.

पंख्याचा आवाज येत होता.

"लाव की," ते म्हणाले.

दादासोचा मोबाइल हळूहळू खाली आला.

"लाव की गं पोरी. आता लाजतीस काय?"

ऋषिराज म्हणाला, "आबा. लावलाय तिनं."

लालासाहेबांनी डोळे उघडले. पट्ट्यामुळं मान खाली जाईना, तेव्हा त्यांनी नजर खाली नेली. त्यांचा पाय, आणि त्याला पंजापासून टाचेपर्यंत चिकटलेला तिचा पाय. ते बराच वेळ बघत राहिले. शेजारच्याच्या रानात आपलं जनावर शिरलेलं दिसावं, तसे.

"कवाचा?"

"मगापासनं, आबा," दीपमाला म्हणाली.

तिने पाय काढून घेतला. तेही त्यांना डोळ्यांनीच कळलं.

"कागूद आण," ते मुलाला म्हणाले.

नर्सने फॉर्म आणला, खाली पुठ्ठा धरला, पेन दिलं. पेन बोटांत बसलं, कागदावर एक वाकडी रेघ ओढून खाली घरंगळलं. ऋषिराजने उचलून दिलं. ते पुन्हा घरंगळलं. तिसऱ्यांदा तो वाकला, तेव्हा लालासाहेबांनी मानेने नाही म्हणायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, मग हाताने केलं. नर्सने न विचारता शाईचा पॅड पुढं धरला.

मुलगा अंगठा धरायला आला. त्यांनी त्याचा हात मनगटाने बाजूला सारला. अंगठा स्वतः पॅडवर टेकवला, स्वतः कागदावर टेकवला, आणि सगळं वजन त्याच्यावर टाकलं. ठसा चौकटीतून निम्मा बाहेर पडला.

"चालंल का गं?" त्यांनी विचारलं. नर्सला नाही, ऋषिराजला नाही.

"चालंल, आबा."

शाई ओली होती. दीपमालाने कागद नर्सकडून घेतला आणि वाळेपर्यंत दोन्ही हातांनी तसाच धरून ठेवला.